चिलखताखालचा डब्लेट: घरी शिवलेल्या एका क्विल्टेड कपड्याचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं आहे. तिच्या परवानगीनं लिहिते आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असं बाकी सगळं काढून टाकलं आहे. शिवणक्लासात ती ब्लाउज, कुर्ते, लहान मुलांचे कपडे शिकली. गोधडी मात्र आईच्या हाताखाली शिकली. लग्नानंतर ती दक्षिण जर्मनीत राहायला गेली. तिथं नवऱ्याला ऐतिहासिक तलवारबाजीचा नाद लागला आणि तो एका हौशी गटात जाऊ लागला. उन्हाळ्यातल्या जत्रांमध्ये हा गट १४७० ते १५०० या काळातले सैनिक उभे करतो. प्रबोधनकाळ (रेनेसाँ) इटलीत भरात आला होता आणि आल्प्सच्या उत्तरेला नुकता पोचत होता, तो हा काळ.

त्या काळचं पोलादी चिलखत साधारण २० ते २५ किलोंचं असतं. ते अंगावर थेट घालत नाहीत. आत एक घट्ट बसणारा, टाके घालून जाड केलेला कपडा असतो आणि हातापायांवरचे पत्रे त्याला बंदांनी बांधतात. हा चिलखताखालचा डब्लेट. त्याच्याकडून दोन कामांची अपेक्षा असते: पत्रा अंगाला काचू नये, आणि पायांवरच्या पोलादाचं वजन कमरेवर पेललं जावं. दुसरं काम पहिल्याहून अवघड आहे, आणि या प्रकरणातल्या बहुतेक अडचणी तिथूनच निघाल्या.

नवऱ्यानं आधी तयार डब्लेट विकत घेतला होता. दिसायला झकास, आत पॉलिस्टरचं फुगीर भरण. तो घालून त्यानं हात डोक्यावर नेले की सगळा कपडा वर सरकायचा, त्याबरोबर मांड्यांवरचे पत्रे ओढले जायचे आणि खांद्याला रग लागायची. अर्ध्या तासात आत घामाची वाफ कोंडायची. तेव्हा तिनं मला व्हिडिओवर तो कपडा उलटसुलट करून दाखवला आणि विचारलं, "बाई, हा मी घरी शिवू शकेन का?"

अडचण नेमकी काय होती

मी तिला सांगितलं, शिवशील नक्की, पण आधी या कपड्याचं काय चुकलंय ते लिहून काढ. तिच्या यादीत तीन गोष्टी आल्या: मुंढा (बाही जोडायची गोलाई), कंबर आणि भरण. जाडी कमी पडते असं तिच्या नवऱ्याचं म्हणणं होतं. तिच्या यादीत जाडी नव्हतीच. ते तिनं बरोबर ओळखलं होतं. हौशी मंडळींचा सगळा भर जाडीवर असतो, कारण जाडी डोळ्याला दिसते.

चिलखतावर बसलेला मार पोलाद झेलतं आणि आतला कपडा तो पसरवतो. त्यासाठी कपडा गादीइतका फुगीर असावा लागत नाही. उलट फुगीर कपडा पत्र्याखाली दबतो, ज्या मापानं बंद बांधले ती मापं ढिली पडतात आणि पत्रे खडखडायला लागतात.

कोणता काळ, कोणता कपडा

पहिला निर्णय सुई हातात घेण्याआधीचा. "रेनेसाँ डब्लेट" म्हणून शोधलं की दीडशे वर्षांतली चित्रं एकत्र समोर येतात. नवऱ्याला आवडली होती ती १५८० च्या आसपासची, पोटाशी टोकदार फुगवटा असलेली इंग्रज दरबारी तऱ्हा. त्या डब्लेटांत खरंच पुष्कळ भरण असायचं. १५८३ साली एका इंग्रज टीकाकारानं चार, पाच, सहा पौंड भरलेल्या डब्लेटांबद्दल तक्रार लिहून ठेवली आहे. पण ते मिरवायचे कपडे होते. तसं पोट सपाट छातीपत्र्याखाली बसणार नाही.

तिला स्वतःला मोह पडला होता तो जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या माथेउस श्वार्त्सच्या कपड्यांचा. हा फुगर या बड्या सावकार घराण्याचा हिशेबनीस. त्यानं १५२० ते १५६० अशी चाळीस वर्षं आपल्या पोशाखांची चित्रं काढून घेतली, एकूण १३७. शिवणकाम करणाऱ्या माणसानं ती चित्रं एकदा तरी बघावीत; कापडाला दिलेल्या चिरा, त्यातून डोकावणारं दुसरं कापड, बाह्यांचे आकार, सगळं डोळे भरून बघण्यासारखं आहे. पण गटाची मुदत १५०० ला संपत होती, आणि मुख्य म्हणजे चिरा दिलेल्या कापडावर पत्रे बांधता येत नाहीत. ती चित्रं तिनं पुढच्या कधीतरीसाठी बाजूला ठेवली.

राहिला १४९० च्या सुमाराचा साधा, अंगासरशी, पुढून बंदांनी आवळायचा डब्लेट. यासाठी आम्हाला दोन जुन्या लेखांचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. एक फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या काळातला (त्याची कारकीर्द १४६१ ते १४८३) सैनिकांच्या जाड अंगरख्यांबद्दलचा हुकूम. दुसरं पंधराव्या शतकातलं इंग्रजी हस्तलिखित, जे आज न्यू यॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे. पायी लढणाऱ्या माणसाला चिलखत कसं चढवायचं याच्या सूचना त्यात आहेत. दोन्ही लेख हाताशी घेऊन आम्ही पुढचा एकेक निर्णय घेतला.

भरणाचे पर्याय

चार पर्याय होते. पॉलिस्टरचं भरण पहिल्याच दिवशी बाद झालं, कारण त्याचा अनुभव घेऊन झाला होता. पिंजलेला कापूस हा त्या काळाला धरून असलेला पर्याय. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडून व्हेनिसच्या वाटेनं कापूस दक्षिण जर्मनीत येत होता आणि आउग्सबुर्ग, उल्म ही शहरं लिननचा ताणा आणि सुताचा बाणा असलेलं फस्टियन कापड विणण्यासाठी नावाजलेली होती. लोकरीची जुनी ब्लँकेटं हा तिसरा पर्याय. चौथा, भरण न घालता कापडाचेच थर एकावर एक लावून शिवायचे.

इथे अकराव्या लुईच्या हुकुमानं निकाल लावला. त्यात म्हटलं आहे की अंगरख्याला कापडाच्या ३० किंवा निदान २५ घड्या असाव्यात, वर हरणाचं कातडं असावं, आणि कापड वापरून मऊ पडलेलं असेल तर ते या कामाला सगळ्यात चांगलं. मी हे वाचून दाखवलं तेव्हा तिची आई भारतातून त्याच कॉलवर होती. ती म्हणाली, "अगं, मग गोधडीच झाली की ती. नवं कापड घेशील तर वर्षभर अंगाला टोचेल." घाटावरच्या कुठल्याही घरात ही गोष्ट सांगावी लागत नाही. धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर एकमेकांना धरून राहतात, नव्या कडक कापडाचे थर एकमेकांवरून घसरतात.

तीस घड्यांचा अंगरखा मात्र आम्हाला नको होता. तो पोलादाशिवाय, किंवा अगदी थोड्या पोलादासोबत घालायचा असतो. तिथं कापड हेच चिलखत. पत्र्याखाली तेवढी जाडी घातली तर माणूस उन्हात आडवा होईल. म्हणून त्या हुकुमातून कापडाची निवड घेतली, थरांची संख्या नाही.

प्रत्येक पर्यायाचा ४० सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा शिवून बघायचा असं ठरलं. माझ्या मते अख्ख्या प्रकरणातली ही सगळ्यात उपयोगी संध्याकाळ. कापसाचा तुकडा उभ्या ओळी घातल्यावर रुंदीत ३७ सेंटिमीटरवर आला, उंचीत ३९ वर. जुन्या लिननच्या थरांचा तुकडा रुंदीत ३८.८ वर थांबला आणि उंचीत जवळपास तेवढाच राहिला. म्हणजे कापूस भरला तर एक मीटर छातीमागे साडेसात सेंटिमीटर खाल्ले जाणार, थरांत तीन. ओळी जिकडे जातात त्याच्या आडव्या दिशेला कापड जास्त आटतं, हेही त्या तुकड्यांवरून डोळ्यांना दिसलं.

ओळींमधलं अंतरही तिथंच ठरलं. दीड सेंटिमीटरवर कापड पुठ्ठ्यासारखं ताठ होत होतं. चार सेंटिमीटरवर थर आत सरकत होते. धडाला अडीच सेंटिमीटर आणि कमरेभोवती, जिथं ताठपणा हवाच असतो, तिथं दोन, असं धरलं.

कापड तिनं जुन्या बाजारातून आणलं. त्या भागात आजीच्या हुंड्यातल्या लिननच्या चादरी अजून विकायला येतात, जाड विणीच्या आणि पन्नास-साठ वर्षं धुतलेल्या. वरच्या थराला नवं लिनन घेतलं, ते आधी गरम पाण्यातून दोनदा काढलं, कारण नवं लिनन पहिल्या धुण्यात आटतं आणि थर शिवून झाल्यावर वरचाच थर आटला तर सगळा कपडा आतून चुरगळतो. धडाला वरचं कापड, अस्तर आणि मध्ये सहा थर. खांद्यावर आणखी दोन, कारण वरच्या पत्र्यांचं वजन तिथं टेकतं. बाह्यांना मध्ये तीनच.

जाडीचा हिशेब

शिवणकाम येणाऱ्या बायकांनाही इथे अडायला होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपण ब्लाउज बेततो तेव्हा कापडाची जाडी शून्य धरतो. क्विल्टेड कपड्यात तसं चालत नाही. अंगाभोवती गुंडाळलेल्या थराची बाहेरची बाजू आतल्या बाजूपेक्षा लांब असते. फरक किती, तर जाडीच्या साधारण ६.२८ पट. थर पाच मिलिमीटर जाड असेल तर तीन सेंटिमीटरहून थोडं जास्त, एक सेंटिमीटर जाड असेल तर सहाच्या वर. वरचं कापड आणि अस्तर एकाच मापाचं कापून सपाट टेबलावर शिवलं, की अंगावर घातल्यावर अस्तराला ही जास्तीची लांबी जिरवायला जागा मिळत नाही. ते आत उभ्या सुरकुत्या पाडतं, आणि पत्र्याखाली सुरकुती म्हणजे तासाभरात वळ.

यावर दोन उपाय. अस्तर थोडं लहान कापायचं, किंवा थर टेबलावर न टाचता गोलाईवर टाचायचे. तिनं दुसरा निवडला. मोठी उशी मांडीवर घेऊन तिच्यावर थर पसरायचे, मधून कडेकडे हात फिरवत कच्चे टाके घालायचे. वरचे थर आपोआप थोडे जास्त कापड घेतात. कडेला आतले थर बाहेर डोकावतात, ते शेवटी छाटायचे. यासाठी प्रत्येक भाग कागदी बेतापेक्षा चारी बाजूंनी चार सेंटिमीटर मोठा कापावा लागला.

कमर कुठे असते

मांजरपाटाचा कच्चा नमुना शिवून घातला तेव्हा कळलं की कमर सहा सेंटिमीटर खाली आली आहे. तिनं माप घेतलं होतं नवऱ्याच्या पँटच्या पट्ट्यापाशी. आजचा पुरुष जिथं पट्टा बांधतो ती कमर नव्हे. खरी कमर शोधायची तर पोटाभोवती दोरी बांधून माणसाला डावी-उजवीकडे वाकायला सांगायचं. दोरी आपण होऊन जिथं जाऊन बसते ती कमर. बहुतेक पुरुषांत ती बेंबीच्या जवळपास किंवा थोडी वर येते.

हे नुसतं दिसण्याचं प्रकरण नाही. पायांवरचे पत्रे डब्लेटच्या खालच्या काठाला बांधलेले असतात. कपडा खऱ्या कमरेत घट्ट आवळला असेल तर नितंबाचं हाड ते वजन अडवतं. कमर खाली आली, की आवळायला जागा उरत नाही आणि सगळं वजन खांद्यावरून लोंबतं. विकतच्या कपड्यात नेमकं हेच झालं होतं.

किती आवळायचं यावर घरात थोडा वाद झाला. त्याला श्वास कोंडल्यासारखं वाटत होतं. मी सुचवलं की खुर्चीवर बस, बुटाची नाडी बांध, मग दीर्घ श्वास घे; तिन्ही जमत असेल तर घट्टपणा बरोबर आहे. जमलं. दोन-तीनदा घातल्यावर त्याची तक्रारही थांबली.

मशीन की हात

धडाचे चार भाग होते, दोन पुढचे आणि दोन मागचे. लुईच्या हुकुमातही अंगरखा चार भागांत शिवायला सांगितलं आहे. पहिला मागचा भाग तिनं मशीनवर घेतला. घरगुती मशीनच्या दाबपट्टीखाली आठ थर गेले खरे, पण खालचे दात खालचा थर पुढे ओढत होते आणि दाबपट्टी वरचा थर मागे ढकलत होती. त्यात तिनं एक ओळ वरून खाली आणि पुढची खालून वर अशी शिवली. दोन ओळींमधलं कापड तिरकं ओढलं गेलं आणि सगळ्या पाठीवर तिरप्या वळ्या पडल्या.

इथे तिच्यापुढे तीन रस्ते होते. वरचा थरही सोबत ओढणारा वॉकिंग फूट मशीनला बसवायचा; सगळ्या ओळी एकाच दिशेनं शिवायच्या; किंवा मशीन सोडून हातानं धावदोरा घालायचा. पहिले दोन एकत्र केले असते तर काम भागलं असतं, आणि ज्यांच्याकडे वेळ कमी आहे त्यांना मी तोच रस्ता सांगेन. तिनं हात निवडला. कारण विचारलं तर म्हणाली, "हाताला कळतं बाई, थर कुठे सरकतोय ते." धावदोरा घालताना खालचा हात सतत थरांखाली असतो, हे खरंच आहे. आईची सूचना एवढीच होती की दोरा ओढून धरू नकोस. टाका कापडावर बसावा, कापडात रुतू नये. मेण लावलेला लिननचा दोरा, अंगुस्तान, आणि हिवाळ्यातल्या संध्याकाळी. उसवलेला भाग पुन्हा हातानंच शिवला. बाह्यांचे थर कमी असल्यानं त्या मशीनवर झाल्या, सगळ्या ओळी खांद्याकडून मनगटाकडे.

मुंढा

आता या कपड्याचा जीव. मांजरपाटाच्या पहिल्या नमुन्यात तिनं नेहमीचा कोटाचा मुंढा काढला होता आणि हात वर केला की अंग वर, हीच रड कायम राहिली.

हुकुमात बाहीबद्दल स्पष्ट लिहिलं आहे: बाही गळपट्टीजवळ बसावी, खांद्याच्या हाडावर नको, आणि काखेखाली ऐसपैस असावी. तिनं यातलं "ऐसपैस" पकडलं आणि मुंढा खाली खोल कापला. नमुना आणखी बिघडला. मुंढा जितका खाली, तितकं बाहीचं टोक बरगडीवर खाली जोडलं जातं, आणि हात उचलला की ते अख्खं अंग वर खेचतं. ब्लाउजमध्येही खोल मुंढ्यानं हेच होतं. फक्त तिथं कमरेला लोखंड लटकत नसतं, म्हणून चालून जातं.

कोडं सुटलं ते फ्रान्समधल्या लिओनच्या वस्त्रसंग्रहालयातल्या एका अंगरख्याचे फोटो बघून. हा शार्ल द ब्लुआ याचा म्हणून ओळखला जातो; तो १३६४ साली ओरेच्या लढाईत मारला गेला. रेशमावर अष्टकोनांत सिंह आणि गरुड विणलेले आहेत, आत कापूस भरून शिवलेला आहे. आमच्या काळापेक्षा शंभरावर वर्षं जुना, पण मुंढ्याची युक्ती त्यात स्वच्छ दिसते. त्याचा मुंढा पुढून छातीत आणि मागून पाठीत ताटासारखा गोल आत शिरतो. काखेत तो खोल जात नाही. आत शिरलेली जागा बाहीला जोडलेल्या पाचरींनी भरून काढलेली असते. म्हणजे ऐसपैसपणा अंगाला खड्डा पाडून मिळत नाही, बाहीला कापड वाढवून मिळतो.

मी तिला म्हटलं, कुर्त्याचा चौबगला आठव. तिथंही काखेत चौकोनी तुकडा तिरका बसवतो तो याचसाठी. हात वर जातो तेव्हा तो तुकडा उलगडतो आणि कुर्ता जागचा हलत नाही. तिनं काखेत मुंढा वर घेतला, अगदी काचेल न काचेल इतका. पुढून साडेतीन आणि मागून चार सेंटिमीटर आत कापला, आणि बाहीला पुढे-मागे एकेक पाचर जोडून काखेत उरेब कापलेला, एकच अस्तर असलेला चौबगला घातला. तिसरा नमुना घालून नवऱ्यानं दोन्ही हात डोक्यावर नेले तेव्हा कपड्याचा काठ दोन सेंटिमीटरांपेक्षा जास्त हलला नाही.

दुसराही एक मार्ग होता. बाही वरच्या बाजूनं बंदांनी बांधायची आणि काख सरळ उघडी ठेवायची. प्रबोधनकाळात बंदांनी बांधायच्या बाह्या सर्रास होत्या. मॉर्गन ग्रंथालयातल्या हस्तलिखितात काखेत आणि कोपराच्या आतल्या बाजूला लोखंडी कड्यांच्या जाळीचे तुकडे शिवायला सांगितले आहेत, म्हणजे पत्र्याच्या फटीतून टोक शिरणार नाही. तिनं शिवलेली बाही निवडली, कारण जत्रेत चिलखत उतरवल्यावरही त्याला हा कपडा घालून फिरायचं होतं.

भोकं आणि बंद

धातूच्या रिंगा ठोकायच्या की भोकं हातानं शिवायची, यावर फार विचार करावा लागला नाही. रिंग बसवायला कापड कापावं लागतं. वजन लटकलं की कापलेले धागे सुटतात आणि रिंग हातात येते. आरीनं भोक पाडलं तर धागे बाजूला सरकतात, तुटत नाहीत. मग मेणाच्या दोऱ्यानं कडेनं गुंडाळत गेलं की पक्कं. कमरेभोवती आतून जाड कॅनव्हासची पट्टी घातली होती, भोकं तिच्यातूनही आरपार गेली.

बंदांसाठी तिनं सुती नाडी वापरली आणि पहिल्याच जत्रेत ती ताणून ढिली झाली; मांडीचे पत्रे गुडघ्यावर आले. वास्तविक हस्तलिखितात हे सांगून ठेवलं आहे: बंद धनुष्याच्या दोरीसारख्या पक्क्या सुतळीचे वळावेत आणि त्यांना चांभाराचं मेण लावावं, म्हणजे ते ताणणारही नाहीत आणि तुटणारही नाहीत. नंतर तिनं लिननची सुतळी वेणीसारखी वळून मेणात घोळवली. त्यानंतर बंदांची तक्रार आली नाही.

एका गोष्टीला दिलेला नकार

कपडा बसू लागल्यावर नवऱ्याला वाटलं की पत्र्यांशिवाय सरावाच्या तलवारबाजीलाही हाच घालावा. ती म्हणाली, नाही. गटाच्या प्रशिक्षकानंही तिलाच दुजोरा दिला. आजच्या सरावाची जॅकेटं टोक आत शिरू नये म्हणून ३५० किंवा ८०० न्यूटन (जोराचं एकक) अशा चाचण्यांतून जातात. घरी शिवलेला लिननचा कपडा, कितीही नेटका असला तरी, कुणी तपासलेला नसतो. त्यात काखेतला चौबगला मुद्दाम पातळ ठेवलेला होता, नेमकं टोक शिरायची जागा. या निर्णयात तडजोड करायला जागाच नव्हती आणि तिनं ती केली नाही याचं मला समाधान आहे.

निष्पत्ती

उन्हाळ्यात कपडा पुऱ्या चिलखताखाली वापरला गेला. पायांचं वजन कमरेवर राहिलं, खांद्याची रग गेली, हात मोकळे चालले. उकाडा कमी झाला, पण गेला नाही. दुपारच्या खेळांना पाणी आणि सावली यांना दुसरा पर्याय नाही, हे गटानंही मान्य करून खेळाची वेळ आटोपशीर केली.

दोन दोष राहिले. कोपराच्या आत तीन थरही जास्त झाले; हात दुमडला की कापड पत्र्यात चिमटायचं. तिनं कोपरातली शिवण उसवून आतले थर कापून काढले आणि फक्त वरचं कापड व अस्तर ठेवलं. दुसरा दोष छातीचा. इतके हिशेब करूनही पूर्ण कपडा छातीत जवळपास चार सेंटिमीटर आखूड निघाला, कारण हाताच्या धावदोऱ्यानं नमुन्याच्या मशीनच्या टाक्यापेक्षा वेगळं आटलं. नमुना तुकडा मशीनवर शिवलेला होता आणि धड हातानं. कपडा चार भागांत असल्यानं उपाय सोपा निघाला: दोन्ही कुशींच्या शिवणी उसवून चौबगल्यापासून कमरेच्या वरपर्यंत निमुळती होत जाणारी एकेक पट्टी घातली. कमर तशीच घट्ट राहिली. पुढून मात्र पट्टी दिसते.

धुण्याबद्दल बऱ्याच जणी विचारतात. हा कपडा वारंवार धुवायचा नसतो. आत लिननचा सदरा घालतात, तो रोज धुतात. डब्लेट उलटा करून सावलीत वाळवतात. वासासाठी नाटकवाले पोशाखांवर वोडकाचा फवारा मारतात, तो इथेही चालला.

पुन्हा शिवायचा झाला तर

नमुन्याचा तुकडा ज्या हातानं, ज्या दोऱ्यानं कपडा शिवायचा त्यानंच शिवावा. मशीन सोडून हाताकडे वळायचं ठरलं त्याच दिवशी तुकडा नव्यानं शिवायला हवा होता. छातीतले चार सेंटिमीटर तिथंच सापडले असते.

मुंढा सगळ्यात आधी. तिनं कागदी बेत गळ्यापासून सुरू केला, मग खांदा, मग छाती, आणि मुंढा शेवटी जो उरेल तो. या कपड्यात उलट जावं: हात वर केलेल्या अवस्थेत मांजरपाटावर मुंढा आणि चौबगला बसवून घ्यावा, मग बाकीचं अंग त्याला जोडावं. ट्रायल घेतानाही माणूस हात खाली सोडून उभा राहतो ती सवय मोडावी लागते. कमरेला बंदांनी दोन-तीन किलोचं वजन बांधून, हात वर करायला लावूनच नमुना तपासावा; नाहीतर जो दोष शोधायचा आहे तो दिसतच नाही.

बाहीच्या बाबतीत माझं मत तिच्यापेक्षा वेगळं आहे. चौबगला छान बसला, तरी मी बंदांनी बांधायची बाही निवडली असती. काख उघडी राहिली असती, वारा खेळला असता, आणि कोपराचा दोष निघाला तेव्हा अख्खा कपडा मांडीवर घ्यावा न लागता नुसती बाही सोडून दुरुस्त करता आली असती. तिचं म्हणणं, पत्रे उतरवल्यावर लोंबत्या बाह्यांचा कपडा घालून जेवायला बसणं नवऱ्याला जमलं नसतं. यावर आमचं एकमत झालेलं नाही. पुढच्या हिवाळ्यात गटातल्या आणखी एकासाठी ती डब्लेट शिवते आहे, त्याला बांधायच्या बाह्या करणार आहे. दोन्ही कपडे एकाच जत्रेत, एकाच उन्हात वापरले जातील.